सत्तेचाळीस नंबरातली मैना

आमच्या नेरच्या वाचनालयाने आजवर एकाच पुस्तकावर बंदी घातली, आणि ते पुस्तक शेणखतावर होतं.

हसू नका. बंदीचा तो ठराव माझ्या हातचा आहे! त्या काळी मी जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो आणि संध्याकाळी वाचनालयाचा चिटणीस. कारकुनीत नुसता पगार होता, चिटणीसपणात मान होता, म्हणून मी सगळा जीव चिटणीसपणात ओतला होता. आमचा विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, जिकडेतिकडे विकासाची घाई उडाली होती, आणि त्या घाईत विकास गटाच्या कचेरीने आमच्याकडे पुस्तकांचा एक अख्खा गठ्ठा फुकट पाठवून दिला. मी प्रत्येक पुस्तकाला जाड खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वर ठळक नंबर टाकला. पुस्तकाला नावापेक्षा नंबर बरा, त्याने शिस्त राहते, असं माझं मत होतं. (आत काय आहे ते बघावं, असं मात्र मला एकदाही सुचलं नाही. चिटणीसाला वाचायला वेळ कुठला!)

घरी सुमन होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुसदच्या शाळेत सातवी झालेली, आणि गोष्टींची तिला भारी ओढ.

"आहो, वाचनालयातून एखांदं गोष्टीचं पुस्तक आना ना माह्यासाठी."

"गोष्टीची पुस्तकं वाचून बायका बिघडतात," मी म्हणालो.

"कोन बिघडली?"

"बिघडतात, असं आहे!" (पुराव्यादाखल माझ्याकडे एकही बिघडलेली बाई नव्हती.) "त्यापेक्षा कायी उपयोगाचं वाच. अन् एकटीनं नको वाचू. दुपारी शेवयाले बाया येतात ना आपल्या घरी? त्याइले वाचून दाखव. समाजशिक्षण होते."

आणि मी गठ्ठ्यातलं हाताला आलं ते पुस्तक तिच्या हातात ठेवलं. नंबर सत्तेचाळीस.

उन्हाळा होता. आमच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका शेवयांचे पाट घेऊन जमायच्या. त्यात गयाकाकू होत्या, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि आवाजानेही. करीमभाई मेकॅनिकच्या घरची हमीदा खाला असायची. आणि खुद्द मालकीणबाई, म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब यांच्या सौभाग्यवती, त्याही यायच्या. बापूसाहेबांची कपाशीची मोठी शेती, आणि सभेत ते बसले की खुर्ची दिसायची नाही.

चार-सहा दिवसांत परिणाम दिसू लागला. मी दुपारी काही कामाने घरी डोकावलो, तर हमीदा खाला ओढणीने डोळे पुसते आहे, गयाकाकू दात-ओठ खाताहेत आणि सुमन पुस्तकात बघून गंभीरपणे वाचते आहे. मी दिसताच ती थांबली. मी हळूच मागे फिरलो. ज्ञान इतकं खोल रुजत असताना मध्ये कशाला या, असा विचार केला! रात्रीच्या जेवणात मात्र कधी केसासारख्या बारीक शेवया यायच्या, तर कधी सुतळीसारख्या जाड.

"आज जाड काहून?"

"आज वाचन लय रंगलं," सुमन म्हणाली. "बायाइचं हाताकडं ध्यानच नोतं."

मी फॅक्टरीत चार जणांना सांगितलं की माझ्या घरी समाजशिक्षण चालतं. ऊर नुसता भरून आला होता.

आणि एका संध्याकाळी बापूसाहेब स्वतः वाचनालयात आले. मागून करीमभाई आले. त्यांच्या मागून गुरुजी आले. गुरुजी निवृत्त हेडमास्तर, आमच्या कमिटीचे नैतिक आधारस्तंभ. सगळी कमिटी न बोलावता जमलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"चिटनीस!" बापूसाहेब गरजले. "ते सत्तेचाळीस नंबर काय भानगड आहे?"

"उपयोगाचं पुस्तक आहे, बापूसाहेब."

"उपयोगाचं? अरे, माहा एवढ्या वर्साचा संसार! काल जेवून उठलो, त बायको म्हन्ते, 'तुमी मले कदी इचारलं काय, का तू जेवली काय म्हनून?' म्या म्हनलं, काहून बावा आजच? त म्हन्ते, 'मैनेले ड्रायव्हरनं इचारलं!' कोन हे मैना? कोनता ड्रायव्हर?"

गठ्ठ्यात कादंबरी घुसली होती!

"हमारे घर में भी वही चालू है," करीमभाई म्हणाले. "दो दिन से दाल में नमक डबल. कायले रडते म्हनून पूछा, तो बोलती, मैना का नसीब खोटा. अब ये मैना अपनी कौन लगती?" मग आवाज उतरवून म्हणाले, "पर एक बात है, चिटनीससाब. गाडी का काम उस किताब में एकदम बराबर लिखेला है. प्लग साफ करने का तरीका भी सही!"

तिघांनी आपापल्या घरून जमवलेली माहिती एकत्र केली. ही मैना म्हणे नवऱ्याचं घर सोडते. सोडते ती सोडते, वर धोतर नेसते, फेटा बांधते आणि नेर-दारव्हा मोटारीवर क्लीनर म्हणून नोकरी धरते! ड्रायव्हर तिला पोरगाच समजतो. आणि एके दिवशी, दारव्ह्याच्या स्टँडवर, तो आपल्या भाकरीतली अर्धी भाकर तिला देतो.

"एका भाकरीचे दोन तुकडे!" बापूसाहेब म्हणाले. "आता मानसानं काय समजावं?"

गुरुजींनी डोळे मिटले. "समजायचं ते समजलं."

"एक बार खोल के देखे क्या?" करीमभाईंनी भीत भीत विचारलं.

"विषाची परीक्षा घेता काय, करीमभाई?" गुरुजी कडाडले. "मी ते पुस्तक वाचलेलं नाही, म्हणूनच माझं मत निःपक्षपाती आहे. बंदी घाला!"

मी तिथल्या तिथे ठराव लिहिला. 'पुस्तक क्रमांक सत्तेचाळीस हे संसाराला घातक, स्त्रियांना प्रश्न विचारण्यास उत्तेजन देणारे व मोटार वाहतुकीस अशोभनीय असल्याने...' काय भाषा उतरली होती! गुरुजींनी माझी पाठ थोपटली.

घरी येऊन मी पुस्तक मागितलं.

"बंदी?" सुमनने डोळे मोठे केले. "सत्तेचाळीसवर? तुमी उघडून पाह्यलं काय?"

"मी असली पुस्तकं उघडत नसतो!"

तिने पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. तिला शरम वाटली असं मी समजलो, आणि पुस्तक नेऊन वाचनालयाच्या कपाटात कुलूपबंद केलं.

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात गर्दी! जन्मात पुस्तकाला हात न लावलेले लोक कापूस बाजारातून सरळ आमच्याकडे. एसटी स्टँडवरचा पानवाला आला, एक पैलवान आला, नेरला फक्त बस बदलायला उतरलेला घाटंजीचा एक पाहुणाही आला. सगळ्यांना एकच पुस्तक हवं होतं. मिळत नाही म्हटलं की डोळा मारून विचारायचे, "जरा सांगा तरी, आत काय काय हाय?" मी ओठ घट्ट मिटून मान हलवायचो. मला तरी कुठे ठाऊक होतं!

पण खरा हल्ला पुढेच होता. वाचनालयाच्या इतिहासात बाईने पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी गयाकाकू पुढे, हमीदा खाला आणि मालकीणबाई मागे, आणि त्यांच्यामागे गल्लीतल्या सगळ्या जणी आत शिरल्या. बाकावरचे वाचक वर्तमानपत्रांमागे लपले.

"पुस्तक काढ!" गयाकाकू म्हणाल्या.

"काकू, त्याच्यावर बंदी आहे."

"बंदीले लाव काडी! मोटर घाटात हाय, उतार लागला, ब्रेक लागून नाई राह्यला, अन् तुमी कुलूप लावून बसले? उतारू मेले त पाप कोनाले?"

"काकू, ती गोष्टीतली मोटर..."

"अरे, मैना हाय त्या मोटरीत!" हमीदा खाला ओढणी डोळ्यांना लावत म्हणाली. "बच्ची ने सुबह से खाया नही!"

मालकीणबाई कपाटाचं कुलूप एकदा ओढून बघून परतल्या. पण त्या संध्याकाळी बापूसाहेबांना जेवायला काय मिळालं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी त्यांनी घाईघाईने फर्मान काढलं. रविवारी सकाळी कमिटीची जाहीर बैठक. पुस्तकातला आक्षेपार्ह भाग सभेपुढे वाचायचा. योग्य ठरला तर बंदी उठेल. नाही ठरला, तर बंदी कायम, आणि वाचनालयाचं एकही पुस्तक यापुढे बायकांसाठी घरी जाणार नाही. "आक्षेपार्ह भागावर खूण करून ठेवा, चिटनीस," ते म्हणाले. "म्हंजे सभेचा टाइम जानार नाई."

रविवारी सकाळी मी वाचनालय लवकर उघडलं, दार आतून लावलं, पेन्सिलीला टोक केलं आणि सत्तेचाळीस नंबर उघडला.

पान पहिलं: खड्डा कसा खणावा.

मी उलटून बघितलं. शेणाचे थर. पालापाचोळ्याचे थर. मूत्र वाया न घालवण्याचे उपाय. पुढे उकिरड्याची जागा कशी निवडावी याची आकृती. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आणि शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत गेलो. मैना नाही, ड्रायव्हर नाही, भाकर नाही. एक गाय होती, पण तिच्या चारित्र्यावर कुठेही डाग नव्हता!

मी पुस्तक काखेत मारून घराकडे पळालो.

"सुमे! हे काय आहे?"

"शेनखत," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच त देल्लं होतं. उपयोगाचं म्हनून."

"अन् मैना?"

सुमन खाली बघत म्हणाली, "पह्यल्या दिवशी दोन पानं वाचली. गयाकाकू झोपल्या, खाला पाट उचलून चालली होती. शेनाचं कोन किती येळ आयकन? मंग म्या पुस्तक तसंच धरलं, अन् मनानंच सांगाले लागली. त्याइले वाटलं, पुस्तकातच हाय."

"सगळं? मोटर? प्लग?"

"करीमभाई घरी मोटरीचंच बोलते. खाला मले सांगत राह्यते."

मी मटकन पाटावर बसलो. आता सभेत काय सांगायचं? कमिटीने एकमताने शेणखतावर बंदी घातली हे सांगावं, तर चिटणीसपण जाणार आणि सगळं नेर माझ्या नावाने टाळ्या पिटणार. मैना माझ्या बायकोच्या डोक्यातून निघाली हे सांगावं, तर गुरुजी आणि बापूसाहेब मिळून तिचं या गावात राहणं कठीण करणार. आणि दोन्हीपैकी काहीच सांगितलं नाही, तर खूण कुठे करू? गायीवर?

मला घाम फुटलेला बघून सुमनने पदर डोक्यावर घेतला. "चला. वाचत होती ते मीच ना? मंग मीच वाचते."

वाचनालय गच्च भरलं होतं. बायका दाराबाहेर दाटीवाटीने उभ्या होत्या. 'वाचणारीनेच वाचून दाखवावं' असं गयाकाकूंनी बाहेरूनच ओरडून सांगितलं, त्यामुळे मला काही सुचवावंच लागलं नाही. सुमन सतरंजीवर बसली, पुस्तक उघडलं, आणि तिच्या बाजूला बसलेल्या मला खताच्या खड्ड्याची आकृती स्वच्छ दिसली. बाण काढून तिथे लिहिलं होतं, 'ओलावा'.

"'मोटार घाटातून सुसाट सुटली होती,'" सुमन वाचू लागली. पुस्तकी भाषा, स्वच्छ उच्चार, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर फिरणारी नजर! "'ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दाबला. ब्रेक थेट खाली गेला. आत लेकरं रडू लागली.'"

"गिअर उतारो!" करीमभाई ओरडले.

"'ड्रायव्हरने गिअर उतरवला. मोटार जराशी मंदावली, पण थांबेना. पुढे वळण, वळणापलीकडे दरी.'"

"अरे देवा," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"पान कोणतं?" गुरुजींनी मान लांब करून विचारलं. मी घाईने माझी मान मध्ये घातली.

"गुरुजी, बीच में मत टोको!" करीमभाईंनी त्यांना दोन्ही हातांनी मागे ओढलं. "वाचो बेटी, वाचो!"

"'तेव्हा मैनेने लाकडी ठोकळा उचलला आणि चालत्या मोटारीतून उडी मारली. मोटारीबरोबर धावत तिने तो मागच्या चाकाखाली टाकला. ठोकळा करकरला, मोटार दरीच्या काठावर थांबली. आणि मैनेच्या डोक्यावरचा फेटा सुटून तिचे केस पाठीवर पडले.'"

पानवाल्याने शिटी मारली. बाहेर हमीदा खाला रडायला लागली. मी तर विसरलोच की समोर खताचा खड्डा आहे! मलाही पुढे काय झालं ते हवं होतं. ही बाई माझ्या घरात रोज भाकरी थापते, आणि मला पत्ता नाही!

"मंग?" बापूसाहेब पुढे सरकले. "ड्रायव्हर काय म्हनला?"

"'ड्रायव्हर म्हणाला, बाई, तू इतकी धीराची, मग घर सोडून का आलीस? नवरा मारत होता का?'" सुमनने पान उलटलं. "'मैना म्हणाली, नाही हो. माझा नवरा वाईट नाही, हुशार आहे. तीच तर पंचाईत. बोलण्याआधी तो घसा खाकरतो. पेन्सिल कानावर असते आणि घरभर पेन्सिल शोधतो. भाजीत मीठ कमी पडलं तर तसा ठराव मांडतो. मी जे मागते ते सोडून दुसरंच काही आणून देतो, आणि म्हणतो, हे उपयोगाचं आहे.'"

मी घसा खाकरला. खरं सांगतो, आपोआप खाकरला गेला! बाहेर बायकांमध्ये एकाएकी खोकल्याची साथ आली. मी हात वर नेला तर कानावर पेन्सिल होती. ती मी हळूच खिशात टाकली. सुमनची नजर पुस्तकातून हलली नाही, कान मात्र लालबुंद झाले होते.

वाचन थांबलं तेव्हा सगळं वाचनालय टाळ्या पिटत होतं. बापूसाहेबांनी उपरण्याने डोळे टिपले. "पोरगी वाघीन आहे! ड्रायव्हरबी सभ्य आहे, भाकरीत कायी वावगं नाई. माह्या मतानं बंदी उठवा."

"थांबा!" गुरुजी उभे राहिले. "मोटार ठीक. भाकर ठीक. पण हा नवरा? शिकलेला माणूस इतका बावळट असूच शकत नाही. हे खोटं चित्रण आहे, पुरुषजातीची बदनामी आहे! एवढ्या एका पात्रासाठी बंदी कायम राहिली पाहिजे."

बापूसाहेबांनी डोकं खाजवलं. "हे मात्र खरं. एवढा येडा मानूस म्याबी कदी पाह्यला नाई. तुमी पाह्यला काय, करीमभाई?"

"ना जी. ऐसा आदमी कहाँ होता!"

"मंग कसं करावं? कोनी एकजन तरी सांगा, का असा मानूस दुनियेत आहे. नाई त पुस्तक खोटं, अन् बंदी कायम."

बाहेरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गयाकाकूंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. तो नवरा कोण ते त्या बिचाऱ्यांना ठाऊक होतं, पण माझी अब्रू त्यांच्याच्याने घेववेना! सुमनने पुस्तक मिटलं. इतका वेळ धीट असलेला तिचा चेहरा पार उतरला. दुपारचं वाचन गेलं, पुस्तकं गेली, मैना त्या दरीच्या काठावर कायमची उभी राहिली. तिने एकदाच वर बघितलं, माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, मागणंही नव्हतं. मागून तरी मी काय आणून दिलं असतं!

मी उठलो.

"अध्यक्षमहाराज," मी म्हणालो, "असा माणूस आहे. शिकलेला आहे, नेरातच राहतो. माझ्या चांगल्या माहितीतला आहे. पुस्तकात त्याचं वर्णन जरा सौम्यच केलंय."

"शपथेवर सांगता?" गुरुजींनी विचारलं.

"शपथेवर."

"अरेरे!" बापूसाहेब कळवळले. "म्हंजे त्याची बायको बिचारी... लिहा चिटनीस, बंदी उठली असं लिहा. अन् त्या बाईविषयी सभेले मनापासून सहानुभूती वाटते, हेबी लिहा."

मी लिहिलं. ठराव एकमताने मंजूर झाला: सूचक बापूसाहेब, अनुमोदक मी.